नांदणारी गेम

"टीव्ही कोनत्या भिंतीले हाये?"

काकाजींनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी त्या कापडदुकानात गेले होते ब्लाउजपीस घ्यायला. आत जिन्याखालच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं दिसलं, 'जुन्या गेमी मिळतील. आधी बोलावं लागेल.' मी नुसतं विचारलं, की या गेमी लहान मुलांच्या असतात का. त्यावर हा प्रश्न आला. मी घाबरून म्हणाले, "कुणाचा टीव्ही?"

"ज्या घरी द्याची हाये त्या घरचा. माह्या घरचा काऊन इचारीन मी तुले?"

"देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीला."

"मंग आवाजावरून भांडण होईन. घरात कोन कोन?"

"माझी आई आणि माझी पोरगी. अकरा वर्षांची."

"एकच पोट्टी?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हातारी रागीट हाये काय? जेवताना टीव्ही लावता काय? आन् लाइट किती येळ जाते?"

लग्न ठरवताना मुलीकडची माणसं मुलाकडच्यांना असं खोदून खोदून विचारतात, हे मला ऐकून ठाऊक होतं. माझ्या लग्नात कुणी विचारलं नव्हतं, म्हणून नुसतं ऐकूनच. नवरा होता, तो आता दुसरीकडं असतो, एवढंच लिहिते. मी तेव्हा कारंजा घाडग्याला, नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या एका ढाब्यावर भाकऱ्या थापायचे. माझं गाव कोल्हापूरच्याही खाली, घाटाच्या तोंडाशी. तिकडून इकडं यायला दीड दिवस लागतो, आणि पोहोचल्यावरही आपण दुसरीकडंच कुठं उतरलो असं वाटत राहतं. मी 'मला' म्हणाले की लोक हसायचे, ते 'मले' म्हणाले की मी मनातल्या मनात दुरुस्त करायचे. आठवीतून शाळा सोडलेल्या बाईनं कुणाला दुरुस्त करावं, हा प्रश्नच होता, पण मनात करायला काय जातं.

ब्लाउजपीस त्या दिवशी राहिलाच. मी उत्तरं देऊन बाहेर पडले तेव्हा परीक्षा देऊन आल्यासारखा घाम फुटला होता आणि निकाल कळला नव्हता.

त्यांना सगळं गाव काकाजी म्हणायचं. घराणं कापडाच्या व्यापारातलं. वडिलांच्या मागं वाटणी झाली तेव्हा गल्ला, गादी, साड्या, शर्टिंग, सगळं धाकट्या भावाकडं गेलं, आणि काकाजींनी जिन्याखालची जागा आणि एक भिंत मागून घेतली. भावानं ती आनंदानं दिली. त्या जागेत एक जुना, पोट सुटलेला टीव्ही, आणि वरून कॅसेट खोचायची, वायरवाल्या दोन रिमोटची जुनी मशिनं. तरुणपणी काकाजी तिथं पोरांना तासावर गेम खेळू द्यायचे. पोरांच्या हातात फोन आले, पोरं गेली, काकाजी राहिले. मग ते दर रविवारी एसटीनं नागपूरच्या जुन्या बाजारात जाऊन, मोडीत निघालेली मशिनं आणि कॅसेटी पिशवीतून घेऊन येऊ लागले. त्यांच्या अंगातला शर्ट भावाच्या दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांचा असायचा. अंग एका रंगाचं, खिसा दुसऱ्या. खिशात कायम एक खोडरबर आणि कापसाचा बोळा.

कापूस आणि खोडरबर ही त्यांची दोन दैवतं. कॅसेट चालेनाशी झाली की सगळी दुनिया तिच्या तोंडात फुंकर मारते. काकाजींसमोर कुणी फुंकर मारली की ते ताडकन उठायचे.

"फुकू नोको! थुका जाते आत! तुह्या तोंडात कोनी फुकते काय ताप आला म्हून?"

मग ते कॅसेटच्या पितळी दातांवरून हळूच खोडरबर फिरवायचे आणि स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसानं पुसायचे. म्हणायचे, "साऱ्या जिल्ह्यात कापूस पिकते, आन् लोक फुका मारतात."

त्यांच्याकडं प्रत्येक गेमची एक पत्रिका होती. लग्नाच्या बायोडाटाची असते तशीच, वर 'श्री' लिहिलेली, वहीच्या पानावर, निळ्या शाईत. मी पाहिलेली पहिली अशी होती:

'रंग: राखाडी, एका कोपऱ्याले शाई. आधीचं घर: दोन भाऊ, थोरला शिकाले बाहेर गेला, धाकट्याचं मन उडालं. स्वभाव: शांत. तिसऱ्या मजल्यावर हट्ट करते. दोष: गरम झाली का दम खाते. अपेक्षा: दोन खेळणारे पायजेत. एकट्याले देऊ नये.'

अशा पत्रिकेवाल्या गेमी ते लाल-हिरव्या ब्लाउजपिसात गुंडाळून ठेवायचे. विकायचे मात्र फार कमी. कारण त्यांचं म्हणणं एकच. गेम सुंदर असून चालत नाही, महाग असून तर मुळीच चालत नाही. ती त्या घरी नांदली पाहिजे.

एकदा माझ्यासमोर एक गाडीवालं जोडपं आलं. त्यांना वाढदिवसाला आलेल्या पोरांच्या हातात द्यायला अकरा नग हवे होते, कुठलेही, फक्त स्वस्त. काकाजींनी खोडरबर खाली ठेवलं.

"अकरा घरं?"

"हो ना. कोणतंही द्या काका, मुलांना काय कळतं."

"त्या अकरा घरातला एक तरी टीव्ही पाह्यला हाये काय तुम्ही?"

जोडपं हसलं. काकाजी हसले नाहीत. जोडपं गेलं. पलीकडं धाकट्या भावानं, ज्यांना सगळे शेठ म्हणत, साडीची घडी तशीच धरून डोळे मिटले.

दुसऱ्या एका दिवशी एक गुरुजी आले. मुलाचा पहिला नंबर आला तर दिवाळीला गेम द्यायची होती. काकाजी म्हणाले, "आन् दुसरा आला तं? तवरक ते कोनाच्या घरी राह्यली मंग? ना माहेरी ना सासरी?" गुरुजींनाही परत पाठवलं. सहामाहीत पोराचा चौथा नंबर आला, गुरुजी पडेल चेहऱ्यानं पुन्हा आले, आणि काकाजींनी त्यांना ताबडतोब गेम दिली. वर सांगितलं, "आता बिनशर्त देता तुम्ही. आता नांदन."

शेठ म्हणायचे, "माह्या साड्या बोलत नाई म्हून विकतात. याच्या गेमीचे नखरे पाहा." आणि मग गिऱ्हाइकांकडं वळून, काकाजींना ऐकू जाईल असं, "सतरा पोरी दाखवल्या याले. पोरीचा बाप इचारे, मुलगा काय करते? हा सोताच सांगे, गेम खेळतो. याच्या डोक्यावर काई अक्षता पडल्या नाई, तं आता कॅसेटीचे लग्न लावून राह्यला."

साडी बघणाऱ्या बायका पदर तोंडाला लावायच्या. काकाजी खोडरबर फिरवता फिरवता म्हणायचे, "सोळा. सतरावीनं मले पाह्यलंच नोतं. तिच्या मामानं पाह्यलं."

मी पुन्हा गेले, कारण मला दुसरा रस्ता नव्हता. दिवाळीला मी चौदा महिन्यांनी घरी जाणार होते. ढाब्याच्या मालकीणबाईंनी आठ दिवसांची सुट्टी स्वतःहून दिली होती, धंद्याच्या दिवसांत, त्याबद्दल मी त्यांना आजही नमस्कार करते. पण सुट्टी मिळाली तशी माझी झोप गेली. फोनवर पोरगी फक्त 'हं' म्हणायची. जेवलीस? हं. अभ्यास? हं. माझ्या भावाच्या मुलाला नवीन गेमचं मशीन आलं होतं, त्याची किंमत ऐकून मी दोन वेळा विचारलं होतं की नीट सांग. पोरगी त्याच्या खुर्चीमागं उभी राहून बघते, असं आई म्हणाली. मी पोरीला विचारलं, "तुझा नंबर येतो का गं?"

"हं."

आईला विचारलं तर ती म्हणाली, नाही येत.

हे मी काकाजींना सांगितलं. इतकं सांगायचं नव्हतं, पण ते विचारत गेले. मी नवीन मशिनाचं नाव काढल्यावर त्यांनी हात हलवला. "नवी सुंदर असते, नाई नोको म्हणू. पन घरात पाय टाकला का मांगणं सुरू. आज टोपी द्या, उद्या तलवार द्या, परवा नेट भरा. जुनीचं तसं नाई. जे काय हाये ते अंगावर घेऊन येते बिचारी."

मग म्हणाले, "तुह्या टीव्हीच्या मागं तीन भोकं हायेत काय? पिवळं, पांढरं, लाल?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी तिथूनच फोन लावायला लावला. पोरीनं उचलला. मी म्हणाले, टीव्हीच्या मागं बघ. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग ती म्हणाली, "आहेत. पिवळं, पांढरं, लाल. लालमध्ये कोळ्याचं जाळं आहे. कशाला?"

मी काकाजींकडं बघितलं. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"सहज," मी म्हणाले.

"सहज कोण टीव्हीच्या मागं बघतंय, आई?"

एवढं मोठं वाक्य मला कितीतरी दिवसांत मिळालं नव्हतं. फोन ठेवल्यावर डोळे पुसायला लागले, तर काकाजींनी खिशातला कापूस पुढं केला. नेमका स्पिरिटवाला निघाला.

मला त्यांच्या भिंतीवरची एक गेम आवडली होती. एक बदकीण आणि तिचं पिल्लू, तळ्याकाठानं चाललेलं. मी म्हणाले, हीच द्या. काकाजींनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"हे घेशीन तं तू रडशीन आन् पोट्टी जांभया देईन. अकरा वर्साची हाये ते, दोनाची नाई." आणि ती राखाडी कॅसेट काढली, शाईच्या डागाची. तिच्यात दोन चोर होते आणि एक शिडी. एकानं शिडी धरायची, दुसऱ्यानं चढायचं, मग वरच्यानं शिडी ओढून घ्यायची आणि खालच्याला दोरी टाकायची. असे नऊ मजले.

"चोराची गेम?" मी म्हणाले. "पोरीला?"

"चोरच हायेत. पन पाह्य, एकट्याले चोरी करता येत नाई यात. एक जन पुढं पळाला तं पडदा सरकतच नाई. मागचा येऊस्तोवर थांबा लागते."

मी बरं म्हणाले. मला वाटलं झालं. झालं नव्हतं. त्यांची अट होती की द्यायची गेम आधी देणाऱ्याला खेळता आली पाहिजे. नाहीतर देणारा डबा हातात टेकवतो आणि स्वयंपाकघरात निघून जातो, हे त्यांनी पुष्कळ घरांत पाहिलं होतं म्हणे.

त्यामुळं गणपतीपासून दर मंगळवारी, ढाब्यावरच्या सुट्टीच्या दुपारी, मी कापडाच्या ताग्यांवर बसून चोरी शिकले. समोर साड्या बघणाऱ्या बायका, बाजूला काकाजी, हातात तो रिमोट. माझा चोर पहिल्या खड्ड्यात पडायचा. पुन्हा उठवला की पुन्हा पडायचा.

"काऊन मारून राह्यली वं त्याले?" एक आजीबाई साडी सोडून माझ्याकडं आल्या. "उडव ना!"

"उडवते हो, तो उडत नाही."

"तू आधी दाबून राह्यली. कड आली का दाब."

"बाई, तुमी साडी पाहा," शेठ कळवळून म्हणाले.

"थांबा हो शेठ, हे मेली पुन्हा!"

मला रडू येईल असं झालं होतं. शाळेत फळ्यासमोर उभं केल्यावर व्हायचं तसं. काकाजींना म्हणाले, माझ्यानं होणार नाही, माझं डोकं या गोष्टीचं नाही, मी आठवीच्या पुढं गेलेली नाही. ते म्हणाले, "भाकर कशी थापते तू? डोक्यानं?"

"हातानं."

"मंग हातानंच खेळ."

आणि खरंच, भाकरी परातीत फिरवताना हाताला कळतं की आता, तसं एका मंगळवारी कळलं. चोर उडाला. दुसऱ्या चोराचा रिमोट काकाजींकडं होता. ते शांतपणे शिडी धरून खाली उभे राहिले आणि मी चढले. दुकानात दोन बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी शेठच्या चार साड्या गेल्या, तरी ते म्हणाले की हे दुकान आहे, तमाशा नाही.

नवरात्र बसलं तेव्हा काकाजींनी मशीन आणि कॅसेट माझ्या ताब्यात दिली. विकली नाही. "नेऊन पाह्य. खोलीवर आठ-पंधरा दिवस ठेव. दिवाळीला गावी जाच्या आधी एकदा घेऊन येजो. पहिला दिवाळसण माहेरीच असते. मी पुसून-पासून पाहीन, मंग पक्कं. नांदली नाई तं मी परत ठेवून घेईन." पैसेही तेव्हाच घेणार होते. तेही इतके थोडे, की मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी पत्रिका मागितली तर म्हणाले, "पत्रिका लग्न ठरल्यावर."

आता माझी चूक लिहिते.

खंडेनवमीला ढाब्यावर पूजा असते. तंदूर, कढया, झारे, तराजू, मालकांची मोटरसायकल, सगळं धुऊन मांडतात. मी माझं पोळपाट-लाटणं आणि परात मांडली. आणि मनात आलं, ज्या वस्तूवर आपलं सगळं अवलंबून आहे ती आज खोलीवर तशीच पडली आहे. मी जाऊन मशीन आणलं. परातीशेजारी पाटावर ठेवलं, कॅसेट खोचून. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि हात जोडून, पोरीला आवडू दे, असं म्हणून मूठभर अक्षता टाकल्या. लाल केलेले तांदूळ. अगदी मनापासून टाकल्या, कुठं पडतात ते बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ढाब्यावरच्या जुन्या टीव्हीला मशीन लावलं तर पडद्यावर नुसते पट्टे. चोर नाहीत, शिडी नाही.

मी कॅसेट काढली. आणि तेव्हा जे करायचं नव्हतं तेच केलं. फुंकर मारली. कॅसेटमध्ये नाही, मशीनच्या फटीत. पूर्ण ताकदीनं. आतून कुंकवाचा एक छोटा ढग माझ्या तोंडावर आला आणि बाकीचं सगळं आणखी आत गेलं.

पुढचे दोन मंगळवार मी दुकानाकडं फिरकले नाही. बाजारात जाताना पलीकडच्या बाजूनं जायचे. एकदा शेठ भेटले, म्हणाले, "काय वं कोल्हापूर, तुह्या नवरीची वाट पाहून राह्यला तो." मी म्हणाले, बरं नाही. कुणाला ते नीट सांगितलं नाही. भाकऱ्या करपायला लागल्या. पोरीचा फोन आला, स्वतःहून, पहिल्यांदाच. म्हणाली, "मी ते जाळं काढलं लालमधलं. सगळी भोकं पुसून ठेवलीत." मी 'हं' म्हणाले.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी मशीन टॉवेलमध्ये गुंडाळून दुकानात गेले. दिवाळीची गर्दी. काकाजींनी टॉवेल उघडला, मशीन कानाशी धरून हलवलं. आत काहीतरी खुळखुळलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. गादीवर पांढरी चादर होती, तिच्यावर मशीन पालथं घातलं आणि स्क्रू काढायला घेतले. साड्या बघणाऱ्या बायका पुढं झुकल्या. शेठही आले.

झाकण उघडलं. आत सगळं लालपिवळं. हिरव्या पट्टीवर हळदीचा थर, खाचेत कुंकू, एक सुकलेली झेंडूची पाकळी.

"हे काय होय?" शेठ म्हणाले. "गेम हाये का देवी?"

काकाजींनी चष्मा पुसून पुन्हा घातला. त्यांनी चिमटा घेतला, कॅसेटच्या खाचेतून एक दाणा ओढून काढला आणि तळहातावर ठेवला. लाल तांदूळ.

"कोनं टाकला?"

"मी," मी म्हणाले. "खंडेनवमीला. पूजा केली. आणि नंतर फुंकरही मारली, काकाजी. चुकलं माझं. तुम्ही ठेवून घ्या मशीन. मी पोरीला काहीतरी दुसरं नेईन, फ्रॉक नेईन."

मला खरंच वाटत होतं की आता ते ठेवून घेतील, आणि बरोबरच करतील. ज्या माणसानं पहिल्या नंबराची अट घालणाऱ्या गुरुजींना परत पाठवलं, तो मला कशाला देईल. मी मनातल्या मनात फ्रॉकचा रंगही ठरवायला लागले होते.

काकाजींनी तो दाणा उजेडात धरला. मग शेठना म्हणाले, "अक्षता हाये."

"दिसून राह्यलं ना मले."

"अक्षता पडली म्हंजे लग्न लागलं. आता परत कशी ठेवून घेऊ? लागलेलं लग्न मोडू काय मी?"

शेठनी, मला आजही आश्चर्य वाटतं, गादीवरच्या साड्या बाजूला सारून काकाजींना जागा करून दिली. दाणा काकाजींनी खिशात टाकला, खोडरबराशेजारी, आणि कापूस काढला.

पुसायला दोन तास लागले. त्या दोन तासांत त्यांनी एकदाही मला रागावलं नाही. फक्त एकदा म्हणाले, "फुकली कोन्या बाजूनं?" मी दाखवलं. ते म्हणाले, "जोर हाये तुह्यात." शेवटी चोर दिसले, शिडी दिसली. पण सगळं चित्र किंचित गुलाबी आलं. चोर गुलाबी, भिंत गुलाबी. शेठ म्हणाले वायर जुनी झाली असेल. काकाजी म्हणाले वायर नाही, हळदीकुंकू आहे, नवरीच्या तोंडावर चार दिवस राहतंच. त्यांनी मशीन हिरव्या खणात बांधलं, ठरलेले तेवढेच पैसे घेतले, आणि पत्रिका दिली. 'दोष' या रकान्यात नवीन शाईनं एक ओळ होती: 'जराशी लाजते.'

दीड दिवसाचा प्रवास मी ते गाठोडं मांडीवर घेऊन केला. घरी पोहोचले तेव्हा पोरगी दारात उभी होती, उंच झालेली. तिनं खण सोडला. मी घाईघाईनं सांगायला लागले की जुनी आहे, नवीन महाग होती, रंग जरा. तिचं लक्षच नव्हतं. ती पत्रिका वाचत होती, मोठ्यानं, आणि चुका काढत होती. "एकट्याले देऊ नये. एकट्याले काय, आई? शुद्धलेखन बघ की या माणसाचं." मला हसू आलं, आणि तिलाही. तीन भोकांत तीन वायरी तिनंच खोचल्या. चोर गुलाबी बघून म्हणाली, "रंगपंचमी झालीय यांची."

मग आम्ही खेळायला बसलो. मी चार-पाच आठवडे तयारी केलेली. मला वाटलं, आज हिला दाखवते. पहिला खड्डा मी उडाले, दुसरा उडाले, भिंत चढले, आणि सरळ पुढं धावत सुटले. पडदा हलेना. मी बटण दाबतेच आहे.

"आई, थांब की!" पोरगी ओरडली. "मी मागंच आहे. तू सारखी पुढं पळतीस!"

मी रिमोट खाली ठेवला. पडद्यावर माझा चोर भिंतीच्या कडेला उभा राहिला, आणि तिचा चोर पडत, उठत, शिडी घेऊन आला. मग आम्ही वर चढलो. आठ दिवसांत सहा मजले झाले. उरलेले तीन तिनं ठेवून दिले, म्हणाली, उन्हाळ्यात तू आलीस की. भावाचा मुलगा येऊन तिच्या मागं उभा राहायचा. तिनं त्याला नंबर दिला. मी दिला नसता.

परत आल्यावर पहिल्याच मंगळवारी मी दुकानात गेले. काकाजी खोडरबर फिरवत होते. मान वर न करता म्हणाले, "काय म्हनते पोट्टी? नांदली?"

मला भरून आलं. मी सगळं सांगितलं. दारात कशी उभी होती, पत्रिका कशी वाचली, किती बोलली, कशी ओरडली, निघताना बसच्या खिडकीशी काय म्हणाली. बराच वेळ सांगत होते. साड्यांसमोरच्या बायकाही ऐकत होत्या. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं.

"ते बरं झालं," ते म्हणाले. "पन मी माह्या पोट्टीचं इचारून राह्यलो. तुह्या नाई."

दुकान हसलं. शेठ सगळ्यात मोठ्यानं.

"तुमची बरी आहे, काकाजी," मी म्हणाले. "तिसऱ्या मजल्यावर हट्ट करते."

"आन् रंग?"

"अजून लाजते."

त्यांनी मान डोलावली. खोडरबर खिशात टाकलं. मग उठून, ज्या ताग्यांवर बसून मी शंभर वेळा मेले होते, ते हातानं झटकले. या गावात येऊन मला सव्वा वर्ष झालं होतं. तू, तुले, काय वं, ए कोल्हापूर, याच्या पलीकडं मला कुणी हाक मारली नव्हती, आणि माझी तक्रारही नव्हती.

"बसा, विहीणबाई," काकाजी म्हणाले, आणि शेठना चहा सांगायला लावला.